विहारातील वाचन आणि समाजाचे लेखन : एका परंपरेचा मागोवा

आषाढ पौर्णिमेस वर्षावासाला प्रारंभ होतो आणि आश्विन पौर्णिमेस त्याची सांगता होते. या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य विहारांतून सायंकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. त्रिसरण-पंचशील झाल्यावर एक जण वाचतो, इतर ऐकतात, शेवटी थोडे विवेचन होते. हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की त्यामागे एक दीर्घ इतिहास आहे याचा आपल्याला विसर पडतो. या वाचनातून आपल्या समाजाचे लेखन कसे जन्मास आले, हा या लेखाचा विषय आहे. त्याचबरोबर आज हे वाचन केवळ श्रवणापाशीच थांबले आहे काय, हा प्रश्नही आम्हाला विचारावयाचा आहे.

साहित्य ही दैवी देणगी आहे, ते शिकविता येत नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः संस्कृत काव्यशास्त्रानेही एकट्या प्रतिभेला काव्याचे कारण मानलेले नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिघांनी मिळून काव्याचा हेतू होतो असे प्रतिपादन केले आहे. निपुणता येते ती लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या अवलोकनाने, आणि अभ्यास होतो तो जाणकारांच्या मार्गदर्शनाखाली. प्रश्न एवढाच की हे मार्गदर्शन कोणाला उपलब्ध होते ? ज्यांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती त्यांच्याजवळ शक्ती नव्हती असे नाही, अभ्यासाची जागा नव्हती. ती जागा आपल्या समाजाने स्वतः निर्माण केली. ती कधी शाळेत होती, कधी जलशाच्या फडात, कधी चाळीच्या गॅलरीत, तर कधी विहाराच्या सतरंजीवर.

संघातील श्रवणपरंपरा

बौद्ध साहित्याचा उगमच मुळी सामुदायिक पठणात आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे महाकस्सपांच्या नेतृत्वाखाली पाचशे भिक्खूंची पहिली संगीती भरली. तेथे उपालीने विनय आणि आनंदाने धम्म सांगितला, व सर्व संघाने तो एकत्र म्हणून पक्का केला. संगीती या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणे असा आहे. सुत्ताचा आरंभ आपण ऐकल्याची साक्ष देऊन होतो, हीदेखील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. येथे निवेदक स्वतःला निर्माता म्हणवून घेत नाही, श्रोता म्हणवून घेतो.

पुढे धम्मवचने मुखोद्गत करून लोकांना ऐकविणाऱ्या भिक्खूंचा एक वर्गच तयार झाला. त्यांना भाणक म्हणत. कोणी दीघभाणक, कोणी मज्झिमभाणक. भारहुत व सांची येथील शिलालेखांत भाणकांची नावे आढळतात. आपल्या महाराष्ट्रातही कार्ले येथील चैत्यगृहाच्या एका स्तंभलेखात सोपारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथील धम्मुत्तरीय संप्रदायाच्या एका भाणकाने दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे या भूमीत धम्म वाचून दाखविणारा माणूस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वावरत होता. आज आपल्या वस्तीतील विहारात ग्रंथ उघडून बसणारा बौद्धाचार्य हा त्याचाच वारस होय.

भाषेच्या बाबतीतही तथागतांची भूमिका स्पष्ट होती. जन्माने ब्राह्मण असलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचने छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा ती त्यांनी नाकारली आणि स्वतःच्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. लोकांच्या भाषेला प्रतिष्ठा देणारा हा निर्णय केवळ धार्मिक नव्हता, वाङ्मयीनही होता. त्याच्यामुळेच स्त्रियांचा आणि कष्टकऱ्यांचा आवाज पिटकापर्यंत पोहोचू शकला. ‘थेरीगाथे’त त्र्याहत्तर थेरींच्या नावे गाथा आहेत. त्यांत उखळ-मुसळापासून सुटका झाल्याचा आनंद सांगणारी सुमंगलमाता आहे, आणि पाण्यात बुडी मारून पाप धुता येते काय असा प्रश्न ब्राह्मणाला करणारी पाणी वाहणारी दासी पुण्णाही आहे. घरकाम आणि पाणक्याचे काम हा काव्याचा विषय होऊ शकतो, हे आपल्या परंपरेने इतक्या पूर्वी मान्य केले होते.

अंगुत्तर निकायात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत : चिंताकवी, सुतकवी, अत्थकवी आणि पटिभानकवी. चिंतन करून रचणारा, ऐकून रचणारा, अर्थाच्या आधारे रचणारा आणि स्फूर्तीने रचणारा. यांतील सुतकवीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ऐकणे हीही काव्याची एक वाट आहे, अशी नोंद येथे आहे. आपल्या समाजातील पहिल्या पिढीचे बहुतेक कवी या अर्थाने सुतकवीच होते.

पहिला निबंध आणि पहिल्या सभा

आधुनिक काळात या वाटेचा आरंभ एका शाळेत झाला. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. हा निबंध आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तो वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे लेखन आहे, हेही विसरता कामा नये. काही वर्षांच्या शिक्षणानंतर एक मुलगी धर्मसत्तेला प्रश्न विचारू लागते, याचा अर्थ त्या शाळेत धुळाक्षरे तर गिरविली जात होतीच, त्याशिवाय स्वतःचा अनुभव हा लिहिण्यायोग्य विषय आहे हेही शिकविले जात होते. मराठीतील लेखनवर्गाचा इतिहास कोणी लिहिला तर त्याचे पहिले पान मुक्ताच्या निबंधाला द्यावे लागेल.

ग्रंथ आणि सभा यांचे नाते बाबासाहेबांच्या आयुष्यातही आरंभापासून दिसते. शाळकरी भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून समाजाने सभा भरविली, आणि त्या सभेत दादा केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतःच नोंदविली आहे. वस्तीतील एका छोट्या सभेत एका विद्यार्थ्याच्या हाती एक पुस्तक पडले, आणि त्या पुस्तकाने सुरू झालेला प्रवास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचला. सभेत दिलेल्या एका ग्रंथाचे मोल किती असू शकते याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

‘मूकनायक’ (३१ जानेवारी १९२०), ‘बहिष्कृत भारत’ (३ एप्रिल १९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही पत्रे निघाली तेव्हा समाजात साक्षर थोडे होते. एका अंकाचे वाचक मोजून त्याचा प्रभाव कळत नाही, श्रोते मोजावे लागतात. गिरणीतून परतलेल्या मंडळींत जो शिकलेला असे त्याने वाचावे आणि भोवतालच्यांनी ऐकावे, ही त्या काळची रीत होती. नायगाव, वरळी, शिवडी येथील चाळींच्या गॅलऱ्या ही आपली पहिली वाचनालये होत.

याच श्रोत्यांतून आंबेडकरी जलसा उभा राहिला. सत्यशोधकी जलशाची परंपरा पाठीशी होतीच. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी गण-गौळणीच्या जुन्या ठेवणीत नवा विचार भरला आणि तो खेडोपाडी नेला. जलशाचा फड ही एक प्रकारची लेखनशाळाच होती. गाणे बांधावयाचे, ते फडापुढे म्हणावयाचे, श्रोत्यांना न कळलेली ओळ बदलावयाची आणि पुन्हा म्हणावयाचे. हे संस्कार ज्यांच्यावर झाले त्यांना कोणत्याही महाविद्यालयीन पदवीची आवश्यकता भासली नाही. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. दुकानांच्या पाट्या वाचीत ते अक्षरे शिकले आणि पुढे त्यांनी हजारो गीते रचली. अण्णा भाऊ साठे यांचेही शालेय शिक्षण नाममात्रच झाले होते. त्यांनी आपली ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, यातील भाव सूचक आहे. लेखणी ही एकट्याची मालमत्ता नाही, ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

महाविद्यालयापासून संमेलनापर्यंत

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ साली झाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे देताना बाबासाहेबांच्या मनात ‘मिलिंदपञ्ह’ होता. तेथे राजा प्रश्न करतो आणि भिक्खू निर्भयपणे उत्तर देतो. शिक्षणसंस्थेच्या नावातच संवादाचा आदर्श ठेवण्याची ही दृष्टी असामान्य होती. या वातावरणात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. खेड्यांतून आलेली, वसतिगृहात राहणारी मुले प्रथमच आपल्याच इतिहासातील पात्रांचे संवाद बोलत होती.

मुंबईत सिद्धार्थ साहित्य संघाच्या रूपाने तरुण लेखक एकत्र येऊ लागले होते. त्यातूनच पुढे दलित साहित्य संघ आकारास आला आणि २ मार्च १९५८ रोजी दादर येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक अण्णा भाऊ साठे होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. समाज शोकातून सावरला नव्हता. अशा वेळी हे लोक साहित्याच्या निमित्ताने एकत्र बसले, ही गोष्ट त्यांच्या जिद्दीची द्योतक आहे.

पुढील दशकात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने ‘अस्मिता’ हे नियतकालिक १९६७ मध्ये निघाले व लवकरच ते ‘अस्मितादर्श’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. डॉ. पानतावणे यांनी ते २०१८ साली आपल्या निधनापर्यंत निष्ठेने चालविले. या नियतकालिकाचे ठिकठिकाणी मेळावे भरत, त्यांना लेखक-वाचक मेळावा असे म्हटले जाई. हे नाव विचारपूर्वक दिलेले होते. लेखक मंचावर आणि वाचक समोर अशी विभागणी त्यात अभिप्रेत नव्हती. आज समोर बसलेला उद्या आपली कविता वाचणार, ही त्यामागील श्रद्धा होती. कित्येकांची पहिली कविता अशा मेळाव्यातच कोणीतरी ऐकली, तिच्यातील दोष दाखविला आणि तरीही आणखी लिही असे सांगितले. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३), नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२), दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) या ग्रंथांचे श्रेय अर्थातच त्या त्या लेखकाचे आहे. पण ते ऐकून घेण्यास तयार असलेला समाज आधी घडला होता, हे श्रेय अशा छोट्या सभांचे आहे.

स्त्रियांची वही

या इतिहासात एक उणीव राहून गेली, आणि ती प्रांजळपणे मान्य करणे आमचे कर्तव्य आहे. विहारात सर्वांत अधिक संख्येने कोण बसते ? स्त्रिया. ग्रंथवाचनाला नियमाने कोण येते ? स्त्रिया. परंतु व्यासपीठावर आणि नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत त्या फार काळ अपवादानेच दिसल्या. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपले आत्मकथन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने ग्रंथरूप झाले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ प्रसिद्ध झाले. समतेच्या चळवळीतील स्त्रीला वही लपवावी लागते, हा दोष परक्यांचा नाही, आपला आहे.

या संदर्भात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ आम्हाला मार्गदर्शक वाटतो. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्या प्रत्यक्ष भेटल्या, त्यांना बोलते केले आणि ते बोलणे नोंदविले. ज्या स्त्रियांनी स्वतः लेखणी हाती धरली नसती त्यांचा शब्द त्यामुळे टिकला. ऐकणाऱ्याने लिहून घेणे, हेही लेखनच आहे.

ग्रंथ की पोथी ?

आता पुन्हा विहाराकडे वळू. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. भदन्त आनंद कौसल्यायन यांचा हिंदी अनुवाद १९६१ मध्ये आणि घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस व शां. शं. रेगे यांचा मराठी अनुवाद १९७० मध्ये आला. आठ खंड, त्यांचे लहान लहान भाग आणि क्रमांक दिलेली छोटी विधाने, अशी या ग्रंथाची रचना आहे. मोठ्याने वाचण्यास, थांबण्यास आणि चर्चा करण्यास ती अत्यंत सोयीची आहे. प्रास्ताविकात बाबासाहेबांनी परिव्रज्या, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म आणि भिक्खूसंघाचे प्रयोजन यांविषयी चार प्रश्न उपस्थित केले, आणि त्यांच्या उकलीत वाचकांनी आपली भर घालावी अशी अपेक्षाही व्यक्त केली. ग्रंथकर्त्याने वाचकाला दिलेले हे निमंत्रण आहे. आमच्या मते ते अद्याप पुरतेपणी स्वीकारले गेलेले नाही.

श्रावणात गावोगाव पोथ्या लागत. आपल्या आजोबा-पणजोबांना त्या दुरून ऐकाव्या लागत. पोथी ऐकल्याने पुण्य लाभते ही त्यामागील समजूत, त्यामुळे प्रश्न विचारण्याचे कारणच नसे. आपण त्या समजुतीचा त्याग केला. तथापि एखादा अध्याय संपवून, हात जोडून, खीरदान घेऊन आपण घरी परतत असू आणि ऐकलेल्यावर एक शब्दही बोलत नसू, तर आपण ग्रंथाची पोथी करीत आहोत असे म्हणावे लागेल. परंपरेने आले म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश आपल्यालाही लागू आहे. जयंतीनिमित्त होणाऱ्या कविसंमेलनांचीही अवस्था फारशी वेगळी नाही. शाल, पुष्पगुच्छ आणि सत्कार यांतच वेळ जातो. टाळी हमखास मिळेल अशाच ओळी म्हटल्या जातात. कविता वाचून झाल्यावर तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

एक प्रसंग नमूद केल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका विहारात आम्ही वाचनास बसलो होतो. धम्मदीक्षेचा विषय निघाला. मागे भिंतीला टेकून बसलेली एक वृद्ध आजी म्हणाली, “बाळा, पुस्तकात समदं हाय. पर आमच्या घरचे देव टोपलीत घालून नदीला कोणी नेले, अन् माझी सासू त्या रातीला का जेवली नाही, ते कुठं लिवलंय ?” सर्व जण हसले. आम्हीही हसलो. वेळ झाली होती म्हणून सरणत्तय घेऊन सभा संपविली. पुढील वर्षावासात ती जागा रिकामी होती. सासू का जेवली नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तिचे ते दुःख होते, भीती होती, की आनंदाने पोट भरले होते ? १९५६ च्या क्रांतीचा एका घरातील इतिहास आमच्या समोर बसला होता आणि आमच्या हाती वही नव्हती.

सिंहलद्वीपात इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, त्रिपिटक प्रथम ग्रंथबद्ध झाले. युद्ध आणि दुष्काळ यांमुळे मुखोद्गत करणारे भिक्खू कमी होत चालले होते. ‘महानिद्देस’ हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू उरला होता, अशीही आठवण अट्ठकथेने जपली आहे. संघाने तेव्हा त्याच्याकडून तो ग्रंथ घेतला, म्हणून तो राहिला. आपली अवस्था आज त्याच स्वरूपाची आहे. दीक्षेच्या दिवशी जे दहा वर्षांचे होते ते आता ऐंशीच्या घरात आहेत.

एक विनम्र सूचना

ज्या वर्षावासाने आपल्याला वाचावयास शिकविले त्यालाच लेखनाचा वर्ग करता येईल. तीन महिन्यांत बारा-तेरा आठवडे येतात. आठवड्यातून एका सायंकाळी वाचनानंतर अर्धा तास राखून ठेवावा. पहिल्या महिन्यात ज्येष्ठांनी सांगावे आणि तरुणांनी लिहून घ्यावे. दुसऱ्या महिन्यात प्रत्येकाने स्वतःच्या घराविषयी, गावाविषयी, कामाविषयी दोन पाने लिहावीत. बोलीभाषा बदलू नये. स्वतःच्या भाषेत शिकण्याची मुभा आपल्याला तथागतांनीच दिलेली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, दुसऱ्याने लिहावे, खाली नाव मात्र सांगणाऱ्याचे असावे. तिसऱ्या महिन्यात ते लेखन सर्वांसमोर वाचावे आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे.

वर्षावासाची सांगता पवारणेने होते. पाहिलेले, ऐकलेले वा शंका आलेले माझे दोष मला सांगा, अशी विनंती त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघाला करतो. ज्येष्ठ थेरसुद्धा यातून सुटत नाही. लेखनावरील टीकेचा याहून चांगला आदर्श कोणत्या साहित्यशास्त्रात सापडेल, असे आम्हाला वाटत नाही. टीका येथे मागितली जाते, लादली जात नाही. ती मैत्रीने दिली जाते आणि अपमान न मानता घेतली जाते. आश्विन पौर्णिमेस विहारातील सर्व लेखनाचे एक हस्तलिखित तयार करावे. एक प्रत विहारात, एक जवळच्या ग्रंथालयात आणि ज्याची आठवण असेल त्याच्या घरी त्या पानांची एक प्रत ठेवावी. त्यासाठी निधी, मंडप वा प्रमुख पाहुणे यांची गरज नाही.

यातून सर्वच थोर लेखक निर्माण होतील असा आमचा दावा नाही. तो हेतूही नाही. मुक्ताच्या वर्गात, जलशाच्या फडात, मेळाव्याच्या मांडवात जे आले ते सारे प्रसिद्धीस आले नाहीत. परंतु ते बोलले, कोणीतरी ऐकले आणि काहींनी लिहिले, म्हणून आज आपल्याजवळ वाचण्यासारखे काही आहे. येत्या आषाढ पौर्णिमेस ग्रंथाशेजारी एक कोरी वही ठेवावी, आणि भिंतीला टेकून बसलेल्या आजीला प्रथम बोलू द्यावे, एवढीच आमची धम्मबांधवांना व भगिनींना विनंती आहे.